पांढऱ्या कुंकवाची बाई

महानंदानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उलटा लटकत होता.

झालं असं, की डॉक्टर हिरेमठ अजून आले नव्हते आणि महानंदा त्यांच्या खोलीची झाडलोट उरकून घेत होती. केर काढला, टेबल पुसलं, आणि कुणी बघत नाही असं बघून ती डॉक्टरांच्या मऊ खुर्चीत जरा टेकली. रिकामी खुर्ची दिसली की एकदा बसून बघावंसं वाटतंच, त्यात चोरी कसली. टेकली ती टेकली, वर दातात आकडा धरून केस सोडले आणि अंबाडा नव्यानं घालायला घेतला.

"तो आकडा गिळाल," कुणीतरी म्हणालं.

खोलीत कुणी नव्हतं. दाराला कडी होती. महानंदाचे हात केसांतच राहिले. मग तिची नजर टेबलावरच्या खोक्याकडं गेली. मुंबईहून आलेलं ते लाकडी खोकं काल तिथं आणून ठेवलं होतं, पुढं काच, वर एक डोळा वटारलेला कॅमेरा. ती काच आता उजळली होती, आणि तिच्यात एक तरुण मुलगा होता... डोकं खाली, खांदे वर, अगदी वटवाघूळ.

"कोण तुमी?" ती म्हणाली. आणि घाबरल्यावर माणूस भलतंच विचारतं तसं, "आणि उलटे का?"

"उलटा दिसलालोय मी?" त्याचा आवाज एकदम खुलला. "म्हंजे दिसलालोय तरी. कालधरनं झटलालोय हितं. थांबा हां, एक तार फिरवायची हाय."

काच मिटली, खरखरली, पुन्हा उजळली. सरळ झाल्यावर मुलगा बरा दिसत होता. उलटा होता तेव्हाही वाईट नव्हता, पण ते तिनं फार पुढं कबूल केलं.

"मी चनबसप्पा. होटगीचा. हे यंत्र माझ्याकडं हाय."

"आणि मी दिसत होते तुमाला? मघापासून?"

"व्हय की."

"मग आधी बोलायचं न्हाय?"

"बोलणारच होतो..." तो म्हणाला, "पण तुमी केस सोडलात."

हे सत्त्याहत्तर सालचं. पुण्या-मुंबईला घरात सिनेमा दिसतो म्हणे, एवढंच तेव्हा सोलापुरात माहीत. टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता. आणि डॉक्टर हिरेमठांनी तो आणला होता तो सिनेमा दाखवायला नव्हे.

डॉक्टर मनाच्या दुखण्याचे. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना, माडीवर. माणूस हुशार, हाताला गुण, पण जिन्याखाली पानपट्टी. जिना चढणाऱ्याचं गाव, घराणं, घरात लग्नाच्या पोरी किती, सगळं त्या पानपट्टीवर बोललं जायचं आणि दिवस मावळायच्या आत सोयऱ्यांकडं पोचायचं. त्यामुळं ज्यांना डॉक्टरांची गरज ते जिन्यापर्यंत यायचे, वर बघायचे आणि चुना घेऊन परत जायचे.

यावर तोड काढली गौरम्मानं. गौरम्मा म्हणजे महानंदाची थोरली मावशी. नवी पेठेत तिचं लुगड्या-चादरींचं दुकान. नवरा गेल्यावर दीर दुकानाला कुलूप घालायला आले, तेव्हा तिनं कुलूपही त्यांच्याच हातात दिलं आणि दिरांनाच बाहेर काढलं, अशी बाई. ती डॉक्टरांना म्हणाली, "माझ्या दुकानात कोण कशाला शिरतंय ते विचारायची कुणाची छाती न्हाय. दुकानावरची खोली घ्या. पेशंट हितं बसू देत. तुमी तुमच्या खुर्चीतनं बोला. ते कसं जमवायचं ते तुमी बघा, शिकलाव कशाला एवढं."

आणि त्या माणसानं खरंच जमवलं. मुंबईत कुठल्याशा प्रदर्शनात वापरलेले दोन कॅमेरे आणि दोन काचा आणल्या. एक जोडी दवाखान्यात, एक दुकानावर. मधे पाच-सहा घरांच्या गच्च्या, त्यांवरून तार. डॉक्टर इथं बोलले की तिथं दिसायचे, पेशंट तिथं रडला की इथं ऐकू यायचं. लोक त्याला काच म्हणायला लागले. "आज काचेवर बसायचंय." तारेवर बायका परकर वाळत घालायच्या आणि डॉक्टरांचं तोंड लांबडं व्हायचं, तेवढा एक त्रास. पण पहिल्या महिन्यातच गौरम्माच्या दुकानात इतक्या बाया लुगडं बघायला आल्या, की समोरच्या दुकानदाराला वाटलं हिनं भाव पाडले.

गौरम्मानं खोली का दिली, ते ती बोलायची नाही. पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महानंदाची आई, चन्नम्मा, मधे काही वर्षं स्वतःत नव्हती. तासन्‌तास भिंतीकडं बघायची, नसलेल्या माणसांशी बोलायची. एका दुपारी ती म्हणायला लागली, माळ्यावर धूर हाय, माळ्यावर धूर हाय. "झालं हिचं सुरू," म्हणून गौरम्मानं तिला खाली बसवलं. माळ्यावर चादरींचे गठ्ठे खरंच आतून जळत होते. विझवता विझवता अर्धा माळा गेला. त्यानंतर गौरम्मानं बहिणीला पडदा लावलेल्या टांग्यातून डॉक्टरांकडं नेली, आणि चन्नम्मा हळूहळू माणसांत आली. आता ती दुकानात बसून काठ मोजायची. पण महानंदाला बघायला आलेली दोन स्थळं तेवढ्यात पोहे खाऊन गेली होती, ती गेलीच. आईच्या औषधासाठी जिना चढता-उतरता महानंदा दवाखान्यातच कामाला लागली. पानपट्टीवर काय बोलायचं ते बोलून झालंच होतं.

तर रोज सकाळी, मिलचा भोंगा झाला की चनबसप्पा होटगीच्या गाडीनं यायचा, दुकानावरच्या खोलीत शिरायचा, आणि दवाखान्यातली काच उजळायची.

"बसा. खुर्चीच्या पाठीला खूण केलीय, तितं डोकं टेका. दिवा तोंडावर घ्या. आता हलू नका."

"का?"

"हललं की चित्राला शेपूट फुटतंय."

ती बसायची. मोठा दिवा तोंडावर, गालाला ऊब. पलीकडं तो काचेजवळ वाकून काहीतरी फिरवत असायचा... फिरवत असायचा, आणि बघत असायचा.

"आता बोला काहीतरी. आवाज बघायचाय."

"काय बोलू?"

"सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"भाकरी."

"कशाबरोबर?"

"हे बी लागतंय का यंत्राला?"

"लागतंय की. नुसती भाकरी लई कोरडी ऐकू येती."

ती ओठ दाबून हसायची. "शेंगाचटणी. दही."

"हां. आता कसं, गुळगुळीत."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं हुग्गी, गव्हाची गोड खीर. तिसऱ्या दिवशी होळगी, म्हणजे पुरणपोळी, वर तूप. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "तुमच्यात रोजच सण असतोय काय?"

"असतोय. तुमच्यात?"

"आमच्यात काय... आई मी ल्हान असतानाच गेली. वडील स्टेशनात पॉइंटमन, मी रेडिओ दुरुस्त करणारा. दोघं मिळून एक पिठलं करतो. ते बी खारट."

त्या दिवशी दुपारी दुकानात एक डबा पोचला. शेंगाचटणी आणि दोन कडक भाकऱ्या. महानंदा स्वतः घेऊन गेली. आणि तिथं गंमत झाली. काचेत पटापट बोलणारी ही दोघं समोरासमोर आली आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. तो जिन्यात उभा, ती खाली. तो एक पायरी उतरला, दुसरी उतरला... आणि जमिनीवर आला तेव्हा कळलं, की तो तिच्या खांद्याला लागतो. बसलेला माणूस केवढा ते काचेत कळत नाही. डबा त्याच्या हातात देऊन ती मागं वळली.

"घाबरून पळालात," दुसऱ्या दिवशी काच म्हणाली.

"घाई होती."

"उंची बघून पळालात."

"यंत्र लावा तुमचं."

"लावलालोय. हलू नका..." आणि मग जरा वेळानं, "आज गजरा हाय."

"मावशीनं दिला."

मावशीनं दिला नव्हता. मोगरा नुकताच यायला लागला होता, आणि तिनं स्वतः कोपऱ्यावरून घेतला होता. दुसऱ्या दिवशीही घेतला. रोजच घेतला. रोज त्याच खुणेला डोकं, तोच दिवा, तोच गजरा. "अजून किती वेळ?" ती विचारायची. "नळी तापायला टाइम लागतोय," तो म्हणायचा. चैत्र सरला, ऊन इतकं झालं की गल्लीतली कुत्री पानपट्टीच्या बाकाखाली जाऊन पडली, तरी ती नळी काही लवकर तापेना.

त्याच दिवसांत मायाक्का आली.

मायाक्का धनगराची. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं चालणारं घर. पहिलं मूल पोटातच गेलं आणि बाई बोलायची थांबली. जेवायची नाही, रात्री उठून मूल हाक मारतंय म्हणून माळावर जायची. नवरा ज्ञानू घोंगडं पांघरून मुकाट तिच्या मागं चालायचा, मेंढरामागं चालावं तसा. कुणीतरी सांगितलं म्हणून तो तिला घेऊन आला. नवी पेठेत त्यानं एक खोली धरली, आणि रोज तिला घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. सासूनं निरोप दिला होता: बरी झाली तर आण, नाही तर तिकडंच ठेव, दुसरी पोरगी बघून ठेवलीय.

मायाक्काला पहिल्या दिवशी काचेसमोर बसवलं तेव्हा ती मान वर करेना. पुरुष डॉक्टर, मोठा माणूस, बोलणार कशी. मग डॉक्टर काचेतून म्हणाले, "मायाक्काबाई, मी इथं आहे. बघा तरी."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात पुढं करून काचेवर वीत ठेवली. डॉक्टर वितीत मावले.

"ह्यो तर एवढासा हाय," ती गौरम्माला म्हणाली. "ह्याच्याशी बोलते मी."

आणि बोलायला लागली. त्या एवढ्याशा माणसाला तिनं पोराची सगळी गोष्ट सांगितली. डॉक्टर ऐकत राहायचे. मधे बोलायचे नाहीत, घड्याळ बघायचे नाहीत. दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली महानंदा कितीदा पदरानं डोळे टिपायची. एखाद्याच्या दुःखापुढं इतकं लहान होऊन बसणं सोपं नसतं. मोठेपणा मिरवणारे डॉक्टर गावात पुष्कळ होते. वितीएवढा होणारा हा एकच.

उन्हाळा चढला तशी मायाक्का जेवायला लागली, झोपायला लागली. हाका थांबल्या. एक दिवस डॉक्टर म्हणाले, उद्या शेवटचं बसू, मग घरी जा.

दुसऱ्या दिवशी ज्ञानू खाली दुकानात हिरवं लुगडं निवडत होता. मोठ्या विचारानं, प्रत्येक काठ बोटानं चाचपून. वर मायाक्का काचेसमोर. चनबसप्पा नेहमीसारखा जिन्याच्या तोंडाशी, पेशंटचं बोलणं कानावर पडू नये एवढा लांब.

"आता कुणाच्या हाका येतात का, मायाक्काबाई?"

"न्हाय."

"काही नसलेलं दिसतं?"

"न्हाय जी." मायाक्का हसली. "तुमच्या खांद्यावरची बाई तेवढी दिसती."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कोण बाई?"

"हाय की. रोज असती. पांढरं कुंकू लावती, काळा गजरा माळती. तुमी हालला तरी ती हालत न्हाय. मला वाटलं, तुमच्या घरातलीच असंल. म्हणून इचारलं न्हाय."

डॉक्टरांनी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. त्यांनी हळूच माइकचं बटण बंद केलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला.

"मला वाटलं होतं ही सुटली," ते महानंदाला म्हणाले. "मी घाई केली. पुण्याला मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल."

काचेत मायाक्का तशीच हसत बसली होती. खाली नवरा हिरवं लुगडं घेऊन उभा होता. पुण्याला गेली की सासू दुसरी आणणार, आणि मग ही कुठली परत येते.

महानंदा स्टुलावरून उठली. "डॉक्टर, मी बघून येते."

"काय बघून येतेस?"

"ती बाई."

"महानंदा... तिथं कुणी नाही."

"माझी आई धूर हाय म्हणत होती, तेव्हा बी माळ्यावर धूर नव्हता, डॉक्टर," ती म्हणाली. "सगळ्यांचं तसंच म्हणणं होतं. वर जाऊन मात्र कुणी बघितलं नव्हतं."

ती जिना उतरली. पानपट्टीवरच्या माना वळल्या, त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही. भर उन्हात गल्ली ओलांडून दुकानात शिरली. "काय गं, पदर कुटं चाललाय, पाय कुटं चाललेत?" गौरम्मा म्हणाली तोवर ती जिन्यात होती. चनबसप्पाच्या अंगावरून वर गेली आणि मायाक्काशेजारी सतरंजीवर बसली.

"कुटं हाय बाई?"

"ती काय. नीट बघ की. आदी दिसत न्हाय, लाजती."

महानंदानं पाहिलं. काचेत डॉक्टर होते, कपाळाला हात लावून. बाकी काही नाही. तेवढ्यात पलीकडं डॉक्टर उठले आणि खिडकीकडं गेले. खुर्ची रिकामी झाली.

खुर्ची रिकामी झाली आणि तिच्यात बाई बसलेली होती.

धुरानं काढल्यासारखी. कपाळावर पांढरं कुंकू. केसांत काळा गजरा. मान किंचित डावीकडं, ओठ दाबलेले, हसू आवरल्यासारखे. महानंदाचा हात आपोआप केसांकडं गेला. काचेतल्या बाईनं हात उचलला नाही. पण डाव्या कानामागचा आकडा... तिरपा खोचलेला, घाईत, दातातून काढून...

"दिसली न्हवं?" मायाक्का म्हणाली.

"दिसली."

"मग मी याडी न्हाय."

"न्हाय," महानंदा म्हणाली. "तू न्हाईस."

दारात चनबसप्पा उभा होता. त्यानं दोघींकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचा रंग गेला. नाही म्हणायला सोपं होतं. एक तार ओढली असती, काच विझली असती, आणि धनगराच्या बाईचं कोण ऐकतंय. पण तो सरळ आत आला, माइकपुढं वाकला आणि बोलला.

"डॉक्टर, मायाक्काबाईंना दिसतंय ते खरंच तितं हाय. बिघाड त्यांच्यात न्हाय. माझ्यात हाय."

काचेत डॉक्टर परत आले, त्यांनी माइकचं बटण पुन्हा दाबलं. "नीट सांग."

"कॅमेऱ्याच्या पोटात नळी असती, जी. एकाच माणसाकडं, रोज, त्याच जागी, लख्ख उजेडात बघत राहिलं, तर ते माणूस नळीवर उमटतंय. उलट्या रंगात. कुंकू पांढरं, गजरा काळा. मग पुढं कुणी बी बसू दे, ते जात न्हाय. मला पंधरवड्यापूर्वी दिसलं होतं. मी उजेड कमी करून झाकलं. वाटलं, कुणाच्या ध्यानात येणार न्हाय."

"यंत्र लावायला किती वेळ लागतो, चनबसप्पा?"

त्यानं एक तार बोटाला गुंडाळली, सोडली.

"किती लागतो?"

"...दोन मिनिटं."

"आणि तू किती लावायचास?"

"भोंगा झाल्यापासनं मी दुकानाची फळी काढीपर्यंत," जिन्यातून गौरम्मा म्हणाली. ती कधी वर आली ते कुणाला कळलं नव्हतं. "म्हटलं, पोरगं कामाला लई चोख हाय."

चनबसप्पा जमिनीकडं बघत पुन्हा म्हणाला, "नळीचा दोष न्हाय त्यात. एकाच ठिकाणी इतकं बघितलं की..."

"आरं दादा," मायाक्का मधेच म्हणाली, "तू नळीचं सांगालास का सोताचं?"

काचेत डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते त्यावरून ते रडत नव्हते एवढं कळलं. मग त्यांनी रुमाल खाली घेतला आणि हात जोडले. पदवी भिंतीवर टांगलेला माणूस, धनगरणीपुढं हात जोडून.

"मायाक्काबाई, चूक माझी झाली. मी मागं वळून पाहिलं, पण तुमच्या बाजूला येऊन पाहिलं नाही. तुम्ही बऱ्या आहात. घरी जा."

मायाक्कानं काचेवर पुन्हा एकदा वीत ठेवली. "ल्हान हाईस," ती म्हणाली, "पर शाना हाईस."

ज्ञानूनं हिरवं लुगडं वरच पाठवलं. ते नेसून ती खाली उतरली, तेव्हा नवरा तिच्याकडं न बघता दोनदा म्हणाला, "रंग बरा हाय." जाता जाता मायाक्का महानंदापाशी थांबली. तिचा हात हातात घेतला. हात खरखरीत होता, आणि घट्ट.

"त्या खुर्चीत लई दिस बसलीस, बाय," ती म्हणाली. "आता ऊठ."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. दवाखान्यातली काच उजळली. महानंदा खुर्चीत बसली नाही, बाजूला उभी राहिली, हाताची घडी घालून. आज गजराही नव्हता. कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पेशंटनं तिला बघितलं होतं, कुणी भूत समजून, कुणी डॉक्टरांची बायको समजून. राग तर येणारच.

"बसा की," काच म्हणाली. आवाज बारीक.

"नवी नळी आली?"

"डॉक्टरांनी मागवलीय. अजून जुनीच हाय."

"मग मी बसलेलीच हाय की तितं. तिच्याशी बोला."

"तिच्याशी रोजच बोलतो," चनबसप्पा म्हणाला. "ती उत्तर देत न्हाय."

महानंदानं खिडकीबाहेर पाहिलं. हसू आलं तर निदान त्याला दिसू नये. मग ती सावकाश बोलली, कारण हे बोलायचंच होतं.

"माझी आई आजारी होती. ठाऊक हाय तुमाला?"

"हाय."

"अजून कधीकधी गप्प होती. दोन ठिकाणची माणसं आली आणि गेली. तुमी बी नीट विचार..."

"काल जाताना तुमच्या आईनं मला चटणी बांधून दिली," तो म्हणाला. "म्हणाल्या, पिठल्यात मीठ निम्मं घालत जा. मला हे सांगणारं आजवर कुणी नव्हतं. त्या कधीकधी गप्प होतात तर होऊ देत. मी शेजारी बसून रेडिओ दुरुस्त करीन."

बाहेर तारेवर कुणाचा तरी परकर वाळत होता, वाऱ्यानं फुगत होता.

"आणि एक सांगायचं होतं," काच म्हणाली. "मला... म्हंजे तुमी जर..."

"थांबा," ती म्हणाली. "हे खोक्यातनं नको. हिकडं या, आणि माझ्यासमोर उभं राहून सांगा."

"समोर जीभ उचलत न्हाय."

"काल माइकवर सगळ्यांदेखत उचलली की."

काचेत घाई झाली. काहीतरी पडलं, तारा खोचल्या, काच विझली. महानंदा खिडकीशी गेली. तो गल्लीतून येत होता, पळत नव्हता पण चालतही नव्हता. पानपट्टीवरून कुणीतरी विचारलं, "काय रे, याडबीड लागलं काय?" तो म्हणाला, "व्हय. वर औषध हाय." आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो जिना चढला.

दारात आला आणि उंबऱ्यावर उभा राहिला. आत येईना. उंबरा उंच होता.

"उंबऱ्यावर उभं राहू नये," महानंदा म्हणाली.

"खाली उतरलो तर तुमच्या खांद्याला लागतो."

"लागा की. माझी बी जागा इतके दिवस कुणाच्या तरी खांद्यावरच होती."

तो खाली उतरला. खरंच खांद्यालाच लागत होता. पण बघत होता वर, सरळ तिच्याकडं, मधे ना काच ना तार. दिवा नसतानाही तिच्या गालाला तीच ऊब लागली.

"मला," तो म्हणाला, "तुमी..."

महानंदाचं लक्ष टेबलाकडं गेलं. कॅमेऱ्याचा डोळा उघडाच होता. तिनं फडकं उचललं आणि त्याच्यावर टाकलं.

"फडकं टाकलंस तरी ऐकू येतंय," खोक्यातून गौरम्माचा आवाज आला. "पोराला सांग, मोठ्यानं बोल म्हणावं. मी आणि तुझी आई कवाच्या बसलोय हितं."

दोघांनी वळून पाहिलं. पलीकडं गौरम्मानं बटण दाबलं होतं आणि काच पुन्हा उजळली होती. घाईत चनबसप्पानं तार उलटी खोचली असणार. दोघी बहिणी काचेत डोकं खाली करून लटकत होत्या, शेजारी शेजारी, आणि चन्नम्मा, जी कितीतरी दिवसांत मोकळी हसली नव्हती, ती पदर तोंडाला लावून हसत होती.

चनबसप्पानं घसा साफ केला, आणि माइककडं न बघता, महानंदाकडं बघत, नवी पेठेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.